ज्येष्ठांचा सरकारी आरोग्य विमा आणि रोजची औषधे : एक आढावा

भारतात ज्येष्ठांना मिळणारा सरकारी आरोग्य विमा प्रामुख्याने रुग्णालयातील खाटेशी जोडलेला आहे. रुग्ण दाखल झाला की खर्चाची जबाबदारी योजना उचलते. तो घरी परतला की ठरावीक दिवसांनी ती जबाबदारी संपते. उतारवयातले आजार मात्र खाटेवर सुरू होत नाहीत आणि खाटेवर संपतही नाहीत. रक्तदाब, मधुमेह, हृदयविकार, दमा, काचबिंदू, थायरॉइड, संधिवात हे आजार वर्षानुवर्षे चालतात आणि त्यांचा मुख्य उपचार म्हणजे रोज, वेळेवर घ्यायची औषधे. डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेली ही औषधे विम्यात बसत नाहीत. ती मेडिकलमधून, स्वतःच्या पैशाने आणावी लागतात. या आढाव्याचा विषय हीच पोकळी आहे.

प्रश्नाचा आवाका लहान नाही. २०११ च्या जनगणनेनुसार महाराष्ट्रात साठीपुढचे सुमारे १ कोटी ११ लाख लोक होते. राज्याच्या लोकसंख्येत त्यांचा वाटा दहा टक्क्यांच्या आसपास होता आणि त्यानंतर तो वाढतच गेला आहे. मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने २०१७-१८ मध्ये देशभर पंचेचाळीस वर्षांवरील ७२ हजारांहून अधिक लोकांची पाहणी केली. साठीपुढच्या दर चार व्यक्तींपैकी तिघांना किमान एक दीर्घकालीन आजार असल्याचे तिच्यात दिसले. त्या वेळी कोणत्याही प्रकारचा आरोग्य विमा असलेल्या ज्येष्ठांचे प्रमाण सुमारे १८ टक्के होते. पुढच्या काही वर्षांत विम्याचे छत्र झपाट्याने रुंदावले. औषधांचा खर्च त्या छत्राखाली आला का, याचे उत्तर वेगळे शोधावे लागते.

एका गावातले चार प्रकारचे ज्येष्ठ

अहिल्यानगर जिल्ह्याच्या राहुरी तालुक्यातील देवळाली प्रवरा हे नगरपरिषदेचे गाव आहे. आसपास उसाचे पट्टे, डॉ. बाबुराव बापूजी तनपुरे सहकारी साखर कारखान्याभोवती वाढलेली राहुरी फॅक्टरीची वस्ती आणि तालुक्यातच महात्मा फुले कृषी विद्यापीठ. अशा गावात एकाच गल्लीत राहणाऱ्या, एकच रक्तदाबाची गोळी घेणाऱ्या ज्येष्ठांना औषधांच्या बाबतीत मिळणारे संरक्षण मात्र पूर्णपणे वेगवेगळे असते.

निवृत्त सैनिकाला १ एप्रिल २००३ पासून सुरू असलेल्या माजी सैनिक अंशदायी आरोग्य योजनेत पॉलिक्लिनिकमधून महिन्याची औषधे मिळतात. केंद्र सरकारच्या निवृत्त कर्मचाऱ्यालाही केंद्रीय आरोग्य योजनेच्या दवाखान्यातून औषधे मिळू शकतात. पण महाराष्ट्रात ते दवाखाने मुख्यतः मुंबई, पुणे, नागपूर अशा मोठ्या शहरांत आहेत. दवाखाना नसलेल्या भागात राहणाऱ्या पेन्शनराला त्याऐवजी निश्चित वैद्यकीय भत्ता मिळतो आणि जुलै २०१७ मध्ये तो महिना १,००० रुपये करण्यात आला. रक्तदाब आणि मधुमेह एवढेच असतील तर या रकमेत भागते. हृदयविकाराची किंवा इन्सुलिनची भर पडली की भागत नाही.

साखर कारखान्यातून निवृत्त झालेल्या कामगाराची गोष्ट निराळी आहे आणि ती फारशी कोणी सांगत नाही. १९४८ च्या कर्मचारी राज्य विमा कायद्याची योजना ही देशातील पहिली मोठी सार्वजनिक विमा योजना आणि तिच्यात बाह्यरुग्ण तपासणी व औषधे पहिल्यापासून आहेत. पाच वर्षे विमाधारक राहून निवृत्त झालेल्या कामगाराला वर्षाला १२० रुपये भरून स्वतःसाठी व जोडीदारासाठी वैद्यकीय लाभ चालू ठेवता येतो. पण याच कायद्याने हंगामी कारखान्यांना वगळले आणि त्याच्या व्याख्येत साखर व गूळ तयार करणारे कारखाने नाव घेऊन आले. त्यामुळे ज्या पट्ट्याने सहकारी साखर कारखानदारीची मुहूर्तमेढ रोवली, १९५० साली प्रवरानगरला पहिला सहकारी कारखाना उभा केला, त्याच पट्ट्यातला कामगार औषधांसह मिळणाऱ्या विम्याच्या बाहेर राहिला. कर्मचारी पेन्शन योजना १९९५ मधील त्याचे किमान निवृत्तिवेतन सप्टेंबर २०१४ पासून १,००० रुपये आहे. बुलढाण्यातून चालवल्या गेलेल्या ईपीएस-९५ पेन्शनरांच्या आंदोलनाने ७,५०० रुपये किमान पेन्शनबरोबर पती-पत्नीला मोफत वैद्यकीय सुविधा ही मागणी जोडली, त्याचे कारण इथे स्पष्ट होते.

चौथा प्रकार सर्वांत मोठा : अल्पभूधारक, शेतमजूर, घरकाम करणाऱ्या किंवा एकट्या राहणाऱ्या वृद्ध स्त्रिया. पासष्टीपुढे आणि उत्पन्नाची अट बसत असेल तर श्रावणबाळ योजनेचे महिना १,५०० रुपये, शिधापत्रिका आणि आरोग्य योजनेचे कार्ड एवढाच त्यांचा आधार. औषधांसाठी त्यांच्या हाती दोन वाटा उरतात : सरकारी आरोग्य केंद्र किंवा मेडिकलचे दुकान. मेडिकलवर पूर्ण पट्टी न घेता चार-पाच गोळ्या कापून मागणारे गिऱ्हाईक बहुतेक वेळा याच गटातले असते.

योजना कशा घडत गेल्या

महाराष्ट्राने १९९७ मध्ये जीवनदायी योजना सुरू केली. दारिद्र्यरेषेखालील रुग्णाला हृदय, मूत्रपिंड, मेंदू यांच्या मोठ्या शस्त्रक्रियांसाठी मदत देणे हा तिचा हेतू होता. त्यामागची चिंता खरी होती : एका शस्त्रक्रियेपायी जमीन विकावी लागू नये. आंध्र प्रदेशच्या आरोग्यश्री योजनेच्या धर्तीवर जुलै २०१२ मध्ये राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना आठ जिल्ह्यांत आणि नोव्हेंबर २०१३ पासून राज्यभर आली. वर्षाला कुटुंबामागे दीड लाखापर्यंत रोकडरहित उपचार, ९७१ प्रक्रिया, रुग्णालयात बसणारा आरोग्यमित्र आणि पिवळे-केशरी कार्ड ही तिची ओळख बनली. २०१७ मध्ये तिला महात्मा जोतिराव फुले यांचे नाव मिळाले.

केंद्राची आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजना २३ सप्टेंबर २०१८ रोजी रांचीत सुरू झाली आणि १ एप्रिल २०२० पासून महाराष्ट्रात दोन्ही योजना एकत्र राबवल्या जाऊ लागल्या. २८ जुलै २०२३ च्या शासन निर्णयाने राज्याने मोठे पाऊल टाकले. पांढऱ्या शिधापत्रिकेसह राज्यातील सर्व कुटुंबे पात्र ठरली, मर्यादा पाच लाखांवर गेली, उपचारांची संख्या १,३५६ झाली आणि मूत्रपिंड प्रत्यारोपणासाठीची मर्यादा अडीच लाखांवरून साडेचार लाखांवर नेण्यात आली. पुढे २९ ऑक्टोबर २०२४ रोजी केंद्राने सत्तरीपुढच्या सर्वांना, उत्पन्नाची अट न लावता, आयुष्मान वय वंदना कार्ड दिले. आधीच योजनेत असलेल्या कुटुंबातील सत्तरीपुढच्यांना त्यामुळे स्वतःसाठी वेगळे पाच लाखांचे संरक्षण मिळाले. देशभरातील साडेचार कोटी कुटुंबांतील सहा कोटी ज्येष्ठ हे त्याचे लक्ष्य सांगितले गेले.

या सगळ्या विस्तारात तीन गोष्टी वाढल्या : पात्र लोकांची संख्या, रकमेची मर्यादा आणि शस्त्रक्रिया-उपचारांची यादी. चौथी गोष्ट जिथल्या तिथे राहिली. केवळ बाह्यरुग्ण म्हणून बरे होऊ शकणारे आजार केंद्राच्या योजनेच्या वगळलेल्या बाबींत स्पष्टपणे लिहिलेले आहेत. दाखल होण्यापूर्वीच्या तीन दिवसांचा आणि घरी सोडल्यानंतरच्या पंधरा दिवसांचा खर्च, औषधांसह, पॅकेजमध्ये धरला जातो. राज्याच्या मूळ योजनेत घरी सोडल्यानंतरचे दहा दिवस धरले होते. २०२३ मधील दुसऱ्या एका निर्णयाकडेही इथे लक्ष वेधले पाहिजे. १५ ऑगस्ट २०२३ पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सर्व केंद्रांत व रुग्णालयांत उपचार पूर्ण मोफत झाले, केसपेपरचे पैसेही बंद झाले. औषधांच्या प्रश्नावर राज्याचे अधिकृत उत्तर विम्यात नाही, ते या निर्णयात आहे.

पोकळी प्रत्यक्षात कशी दिसते

हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट बसवलेल्या रुग्णाचे उदाहरण घेता येईल, कारण ते जिल्ह्यातल्या कोणत्याही गावात सापडते. ॲन्जिओप्लास्टी योजनेतून होते. स्टेंट, खाट, भूल, दाखल असतानाची औषधे सगळे त्यात येते आणि रुग्णाकडून एक रुपया घेतला जात नाही. घरी सोडताना हातात कागद मिळतो. त्यावर साधारणपणे ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल, अटोर्वास्टॅटिन, मेटोप्रोलोल अशी औषधे असतात; मधुमेह असेल तर मेटफॉर्मिन, कधी इन्सुलिन. यातल्या पहिल्या दोन, ज्यांना लोक रक्त पातळ होण्याच्या गोळ्या म्हणतात, त्या बहुतेक रुग्णांना वर्षभर तरी एकत्र घ्याव्या लागतात. मध्येच बंद केल्या तर स्टेंटमध्ये गुठळी होऊन पुन्हा झटका येण्याचा धोका असतो. पंधरा दिवसांच्या नियमाने पाहिले तर त्या वर्षातले ३५० दिवस विम्याच्या बाहेर पडतात. गोळ्या थांबल्या आणि झटका आला तर रुग्ण पुन्हा दाखल होतो आणि त्या दाखल होण्याचा मोठा खर्च योजना पुन्हा बिनतक्रार देते.

चित्र पूर्ण करण्यासाठी एक भर आवश्यक आहे. राज्याच्या योजनेत सुरुवातीपासून १२१ पाठपुरावा पॅकेजे होती. निवडक मोठ्या उपचारांनंतरच्या तपासण्या व औषधे त्यांत बसतात. म्हणजे दीर्घकालीन औषधांची गरज योजनाकारांना माहीतच नव्हती, असे म्हणता येत नाही. पण पाठपुराव्यासाठी योजनेतल्या रुग्णालयात पुन्हा पुन्हा जावे लागते. सोबत कोणी यावे लागते, दिवस मोडतो, रोजगार बुडतो. जवळच्या मेडिकलवर तीच गोळी मिळत असताना वृद्ध रुग्ण हळूहळू फेऱ्या सोडतो. शिवाय ज्याची शस्त्रक्रियाच झाली नाही, ज्याला फक्त रक्तदाब आणि मधुमेह आहे, त्याला पाठपुरावा पॅकेजचा काही उपयोग नाही. तो तर ज्येष्ठांमधला सर्वांत मोठा गट.

खर्चाच्या अभ्यासांत हीच गोष्ट आकड्यांनी दिसते. सक्तिवेल सेल्वराज, हबीब हसन फारुकी आणि अनूप करण यांनी राष्ट्रीय नमुना पाहणीच्या आधारे २०१८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार २०११-१२ मध्ये आरोग्यावरच्या खिशातल्या खर्चाने साडेपाच कोटी भारतीय दारिद्र्यरेषेखाली ढकलले गेले आणि त्यांतले ३ कोटी ८० लाख केवळ औषधांच्या खर्चामुळे. त्यानंतर राष्ट्रीय आरोग्य लेख्यांत एकूण आरोग्य खर्चातील लोकांच्या खिशातला वाटा घटला : २०१३-१४ मध्ये तो ६४.२ टक्के होता, २०२१-२२ मध्ये ३९.४ टक्के नोंदवला गेला. ही घट महत्त्वाची आहे. तरी त्या सरासरीत तरुण आणि वृद्ध, दाखल झालेला आणि घरी गोळ्या घेणारा असा भेद दिसत नाही.

विमा लागू असतानाही औषधांसाठी पैसे मोजावे लागतात, ही पोकळीची दुसरी बाजू. २०२३ मध्ये संसदेत मांडलेल्या भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अहवालात, पॅकेजमध्ये धरलेल्या तपासण्या व औषधांसाठीही काही ठिकाणी रुग्णांना पैसे भरावे लागल्याची नोंद आहे. “हे बाहेरून आणा” हे वाक्य दाखल रुग्णाच्या नातेवाइकांनाही ऐकू येते.

चार भूमिका

पहिली भूमिका विद्यमान रचनेची आहे. तिच्या समर्थकांच्या मते विम्याचे काम क्वचित येणारा, पण घर मोडणारा खर्च पेलणे हे आहे. दर महिन्याचा, आधीच माहीत असलेला खर्च विम्यातून देणे अर्थशास्त्राला धरून नाही. लाखो छोट्या दाव्यांची छाननी करण्याचा खर्च औषधांपेक्षा जास्त होईल, खोट्या चिठ्ठ्या निघतील आणि अनावश्यक औषधे लिहिली जातील. म्हणूनच आयुष्मान भारतचे दोन भाग करण्यात आले : दाखल रुग्णांसाठी विमा आणि दैनंदिन आजारांसाठी आरोग्यवर्धिनी केंद्रे, ज्यांना २०२३ पासून आयुष्मान आरोग्य मंदिर म्हणतात. तिशीपुढच्या सर्वांची रक्तदाब-मधुमेह तपासणी आणि मोफत औषधे ही जबाबदारी दुसऱ्या भागाची. कागदावर पोकळी उरतच नाही. हा युक्तिवाद गंभीरपणे घेण्यासारखा आहे आणि तो खोडताना बरेचदा त्याचा दुसरा भाग विसरला जातो. त्याची कसोटी मात्र एकाच ठिकाणी लागते : केंद्रात गोळी दर महिन्याला असते का?

दुसरी भूमिका याच प्रश्नापासून सुरू होते. नियोजन आयोगाने डॉ. के. श्रीनाथ रेड्डी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या उच्चस्तरीय तज्ज्ञ गटाने २०११ मध्ये सांगितले होते की, औषधांवरचा सरकारी खर्च सकल देशांतर्गत उत्पादनाच्या ०.१ टक्क्यावरून ०.५ टक्क्यावर नेला तर अत्यावश्यक औषधे सर्वांना मोफत देता येतील. विमा कंपन्यांमार्फत सेवा विकत घेण्याच्या वाटेबद्दल या गटाने सावध केले होते. महाराष्ट्रात जन आरोग्य अभियानाची मांडणी साधारण याच दिशेची आहे. तमिळनाडूने १९९४ मध्ये वैद्यकीय सेवा महामंडळ स्थापून खरेदी, गुणवत्ता तपासणी, जिल्हा गोदामे आणि केंद्रनिहाय पासबुक अशी साखळी उभी केली. राजस्थानने २ ऑक्टोबर २०११ रोजी मोफत औषध योजना सुरू केली. तमिळनाडूने ५ ऑगस्ट २०२१ पासून तर रक्तदाब-मधुमेहाच्या रुग्णांना घरी औषधे पोहोचवायला सुरुवात केली.

महाराष्ट्राचा अनुभव इथे अडखळतो. २०१७ मध्ये औषध खरेदी हाफकिन जीव-औषध निर्माण महामंडळाकडे एकवटली गेली. पुरवठ्यातल्या विलंबाच्या तक्रारी वर्षानुवर्षे होत राहिल्या. अखेर २०२३ मध्ये कायदा करून महाराष्ट्र वैद्यकीय वस्तू खरेदी प्राधिकरण स्थापन झाले. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये नांदेडच्या शासकीय रुग्णालयातील मृत्यूंनंतर औषधटंचाईचा प्रश्न राज्यभर गाजला आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. मोफत उपचाराचा निर्णय आणि औषधांचा तुटवडा एकाच वर्षात समोरासमोर आले. मोफत जाहीर झालेले औषध कपाटात नसेल तर ते मोफत असून उपयोग नाही, हे या भूमिकेचे म्हणणे त्या वर्षाने बळकट केले.

त्याच राज्यात उलट दाखलाही आहे. नोव्हेंबर २०१७ मध्ये सुरू झालेल्या भारत उच्च रक्तदाब नियंत्रण उपक्रमात सुरुवातीच्या राज्यांत महाराष्ट्र होता आणि भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग, वर्धा हे जिल्हे निवडले गेले होते. पद्धत साधी होती : ॲम्लोडिपीन, टेल्मिसार्टन अशा मोजक्या औषधांचा ठरलेला क्रम, एका वेळी तीस दिवसांच्या गोळ्या, प्रत्येक रुग्णाची नोंद आणि न आलेल्याचा पाठपुरावा. औषधांची यादी छोटी ठेवल्याने खरेदीचा अंदाज बांधणे सोपे झाले. अहिल्यानगर जिल्ह्याकडे तर याहून जुना वारसा आहे. डॉ. रजनीकांत व डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० मध्ये जामखेडला सुरू केलेल्या सर्वंकष ग्रामीण आरोग्य प्रकल्पाने गावातल्याच स्त्रियांना आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आज आशा कार्यकर्ती घरोघर जाते, तिच्यामागे जामखेडचा अनुभवही उभा आहे. ज्येष्ठाच्या घरी महिन्याची पुडी नेण्याचे काम तिच्याकडे द्यावे, ही सूचना म्हणूनच वारंवार येते. तिच्या कामाचा बोजा आणि मोबदला यांचा विचार त्याआधी झाला पाहिजे.

तिसरी भूमिका विम्याच्या आतच औषधे आणावीत अशी आहे. नीती आयोगाने ऑक्टोबर २०२१ मध्ये मधल्या वर्गाच्या आरोग्य विम्यावर काढलेल्या अहवालात बाह्यरुग्ण सेवेसाठी वर्गणी पद्धतीचा विचार मांडला होता. फेब्रुवारी २०२४ मधील ज्येष्ठांच्या देखभालीवरच्या त्याच्या निवेदनात दीर्घकालीन आजार आणि अपुरा विमा हे दोन्ही प्रश्न शेजारी शेजारी आले. वय वंदना कार्डावर दरवर्षी ठरावीक रकमेची औषधे जनऔषधी केंद्रातून घेता यावीत, ही या विचाराची सर्वांत सुटसुटीत आवृत्ती. रक्कम बांधलेली असल्याने खर्च आवरता येतो, दुकान ठरलेले असल्याने किंमतही आवरता येते. कर्मचारी राज्य विमा आणि माजी सैनिकांची योजना ही दोन उदाहरणे देशातच असल्यामुळे बाह्यरुग्ण औषधे सार्वजनिक विम्यातून देणे अशक्य आहे, असे म्हणणे टिकत नाही. त्या योजनांत लाभार्थी मर्यादित आणि वर्गणी नियमित असते, हा आक्षेपही तितकाच खरा आहे.

चौथी भूमिका किंमतीकडे बोट दाखवते. औषध स्वस्त झाले तर विम्याची गरजच कमी होईल, असे तिचे सूत्र. २०१३ च्या औषध किंमत नियंत्रण आदेशाने अत्यावश्यक औषधांच्या कमाल किमती बांधल्या. २०२२ च्या राष्ट्रीय यादीत ३८४ औषधे आहेत. परंतु कमाल किमती घाऊक किंमत निर्देशांकाशी जोडलेल्या असल्याने २०२२ मध्ये १०.७७ टक्के आणि २०२३ मध्ये १२.१२ टक्के वाढीला परवानगी मिळाली. यादीबाहेरच्या औषधांना वर्षाला दहा टक्क्यांपर्यंत वाढ करता येते. मधुमेहाच्या बाजारात अनेक औषधे एकत्र करून केलेल्या गोळ्यांचा सुळसुळाट आहे आणि त्यांतल्या कित्येक यादीबाहेर आहेत. २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा वस्तू व सेवा कर १२ वरून ५ टक्क्यांवर आला. तो दिलासा खरा आहे, पण मर्यादित आहे.

जनऔषधी केंद्रांची साखळी २००८ मध्ये अमृतसरपासून सुरू झाली आणि २०२५ च्या सुरुवातीला देशात १५ हजार केंद्रांचा टप्पा गाठला गेला. तिथल्या किमती ब्रँडच्या औषधांपेक्षा पन्नास ते ऐंशी टक्क्यांनी कमी असतात. अडचण चिठ्ठीत आहे. डॉक्टर ब्रँडचे नाव लिहितात आणि त्या नावाने मागितलेली गोळी जनऔषधीत मिळत नाही. राष्ट्रीय वैद्यक आयोगाने ऑगस्ट २०२३ मध्ये औषधे मूळ नावानेच लिहिण्याचे नियम काढले आणि त्याच महिन्यात ते स्थगितही केले. डॉक्टरांच्या संघटनांचा आक्षेप गुणवत्तेचा होता : प्रत्येक जेनेरिक गोळीची तपासणी नीट होते याची खात्री कोण देणार? हा आक्षेप फेटाळून चालणार नाही. तपासणीची यंत्रणा भक्कम करणे हेच त्याला उत्तर आहे.

बाहेरच्या देशांतला अनुभव

ही पोकळी भारतापुरती नाही. अमेरिकेत १९६५ मध्ये ज्येष्ठांसाठी मेडिकेअर आले तेव्हा त्यातही घरी घ्यायची औषधे नव्हती. १९८८ मध्ये ती आणण्याचा कायदा झाला, पण वाढीव वर्गणीला ज्येष्ठांनीच विरोध केल्याने पुढच्याच वर्षी तो रद्द झाला. औषधांचा स्वतंत्र भाग २००६ पासून लागू झाला. त्यातही ठरावीक खर्चानंतर संरक्षण थांबायचे आणि खूप मोठा खर्च झाल्यावरच पुन्हा सुरू व्हायचे. हे मधले भोक २०१० च्या कायद्याने टप्प्याटप्प्याने २०२० पर्यंत बुजवले आणि २०२५ पासून रुग्णाच्या वार्षिक खर्चावर २,००० डॉलरची मर्यादा आली. मुलांकडे गेलेल्या मराठी आई-वडिलांना हे पर्याय लगेच मिळत नाहीत. ज्यांनी तिथे पुरेशी नोकरी केलेली नाही, अशा कायम रहिवाशांना मेडिकेअर विकत घेण्यासाठी आधी सलग पाच वर्षांचे वास्तव्य लागते. म्हणून अनेक कुटुंबे भारतातूनच सहा महिन्यांच्या गोळ्या बॅगेत भरून नेतात. इंग्लंडमध्ये साठीपुढच्यांना चिठ्ठीवरची औषधे मोफत मिळतात. कॅनडात सर्वांसाठी सार्वजनिक आरोग्य विमा असूनही औषधांचे संरक्षण प्रांतागणिक बदलते. या सर्व अनुभवांतून एक गोष्ट निघते : औषधे नंतर जोडायची म्हटली की ती जोडायला दशके लागतात.

न सुटलेले प्रश्न

पहिला अनिर्णित प्रश्न वयाचा. संसदेच्या आरोग्यविषयक स्थायी समितीने वय वंदना कार्डाची अट सत्तरवरून साठवर आणण्याची शिफारस केली आहे. महाराष्ट्रात शिधापत्रिकेवर सर्व कुटुंबे आधीच पात्र असल्यामुळे दाखल होण्याच्या खर्चापुरता हा प्रश्न तितका तीव्र नाही. औषधांच्या बाबतीत मात्र साठ आणि सत्तर यांत काहीच फरक पडत नाही. दोघांनाही कार्डावर गोळी मिळत नाही. वयाची चर्चा पुढे आणि औषधांची मागे, असा क्रम सध्या आहे. तो उलटा व्हायला हवा, असे उपलब्ध माहितीवरून म्हणता येते.

दुसरा प्रश्न पैशांचा. बाह्यरुग्ण औषधे देण्याचा खर्च किती आणि त्यामुळे टळणाऱ्या झटक्यांतून, पक्षाघातातून, डायलिसिसमधून वाचणारा पैसा किती, याचा हिशेब एकत्र मांडणे कठीण आहे, कारण खर्च एका खात्यातून होतो आणि बचत दुसऱ्या खात्यात दिसते. आरोग्य केंद्राची औषध खरेदी आणि विम्याचे दावे यांच्या नोंदी वेगवेगळ्या ठेवल्या जातात. स्टेंट बसवलेल्या रुग्णाने पुढे गोळ्या घेतल्या की सोडल्या, हे विमा यंत्रणेला कळण्याची सोय नाही.

तिसरा प्रश्न यादीचा. रक्तदाब आणि मधुमेहाच्या स्वस्त गोळ्यांवर बहुतेकांचे एकमत होते. दम्याचे इनहेलर, इन्सुलिन, काचबिंदूचे थेंब, स्मृतिभ्रंश व पार्किन्सनची औषधे, अंथरुणाला खिळलेल्या रुग्णाच्या वेदनाशामक गोळ्या यांचे काय, यावर चर्चा फार पुढे गेलेली नाही. ज्येष्ठांच्या आरोग्यासाठीचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून आहे, पण गावपातळीवर त्याची औषध यादी रक्तदाब-मधुमेहाच्या पलीकडे फारशी पोहोचलेली नाही.

चौथा प्रश्न विश्वासाचा आहे. सरकारी गोळी लागू पडत नाही, खासगी डॉक्टरची पडते, ही समजूत गावोगावी आहे. गोळीचा ब्रँड दर महिन्याला बदलला, रंग-आकार बदलला की वृद्ध रुग्ण गोंधळतो आणि घेणे सोडतो. पुरवठा एकसारखा ठेवणे ही त्यामुळे उपचाराचाच भाग ठरते.

आज असलेल्या नियमांत देवळाली प्रवरासारख्या गावातील ज्येष्ठाने आणि त्याच्या घरच्यांनी एवढे जरूर करावे. योजनेचे कार्ड काढले म्हणजे औषधांची नोंद झाली असे होत नाही. रक्तदाब-मधुमेहासाठी जवळच्या आरोग्य केंद्रात वेगळे नाव नोंदवावे लागते आणि तिथून एका वेळी महिन्याच्या गोळ्या मागता येतात. रुग्णालयातून घरी सोडताना चिठ्ठीवर औषधाचे मूळ नाव लिहून घ्यावे आणि त्या आजाराला पाठपुरावा पॅकेज आहे का, हे आरोग्यमित्राला विचारावे. कार्ड असतानाही औषधांसाठी पैसे मागितले गेले तर पावती जपून ठेवून तक्रार नोंदवावी, कारण औषधांच्या पोकळीबद्दल पुढे जो काही निर्णय होईल तो अशा नोंदींच्या आधारेच होणार आहे.